नऊ पावलांचं अंतर

क्षिप्राने गमबूट उपसून चिखलात पुढचं पाऊल टाकलं आणि समोरचे शे-दीडशे खेकडे एका क्षणात बिळांत गडप झाले. तिने अंतर मोजलं. नऊ पावलं. कालही नऊ, परवाही नऊ. वहीत तिने नऊचा आकडा असा काही गिरवला की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

बोनकोडे गावाच्या मागच्या खाडीत ती आठ महिने येत होती. ऐरोलीच्या नव्या फ्लॅटमधली शिकलेली पोरगी रोज ओहोटी बघून चिखल तुडवायला निघते, याचं सोसायटीत हसू झालं होतं. हसोत बापडे. तिला एकच गोष्ट सिद्ध करायची होती : शत्रू दिसला की पोट भरलेला खेकडा लगेच पळतो, भुकेला मात्र जरा उशिरा. एवढ्याशा जिवालाही पोट की प्राण हे ठरवता येतं. इथे मात्र भुकेले आणि धालेले, सगळे नऊ पावलांवरच पळत. तिचे मार्गदर्शक देवस्थळी सर स्पष्टच म्हणाले होते, "शनिवारी स्वतः येऊन बघतो. तोवर काही हाती लागलं नाही, तर विषय बदल."

आज बुधवार होता.

पलीकडे बोनकोड्याची पुतळाबाई निवट्या धरत होती. चिखलात बसल्या बसल्या पुढे सरकायची, बिळात हात घालायची आणि मासा टोपलीत टाकायची. क्षिप्रा तिला रोज बघत होती. तिच्या आजूबाजूला मात्र आज पहिल्यांदाच बघितलं. पुतळाबाईच्या गुडघ्यालगत खेकडे खुशाल चरत होते.

"मावशी, तुम्हाला ते घाबरत कसे नाहीत?"

"तू उभी र्‍हातेस ना, पोरी." पुतळाबाईने हातातलं काम थांबवलं नाही. "त्यांच्या डोल्यांच्या वर गेला तो बगला. खाली र्‍हायला तो घरचा. येवढंच कलतंय त्यांना."

क्षिप्राला स्वतःचाच संताप आला. उंच दिसतंय ते खरंच बगळा आहे का, हे निरखत बसणारे खेकडे हजारो पिढ्यांपूर्वीच बगळ्यांच्या पोटात गेले होते. न निरखता पळाले ते वाचले, आणि ही त्यांचीच पिलावळ. आठ महिने तिने खेकड्यांची भूक मोजलीच नव्हती, स्वतःची उंची मोजली होती. तीही कपडे खराब होऊ नयेत म्हणून उभं राहून!

तिने गमबूट काढून बांधावर भिरकावले, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ फतकल मारली. वहीचं कोरं पान काढून वर लिहिलं, दिवस एक.

तीन दिवस ती अशीच बसून होती. काठीच्या टोकाला काळा पुठ्ठा बांधलेला, तो जमिनीलगतून बोटाबोटाने वर उचलायचा. ओहोटीभर चरून पोट भरलेले खेकडे दोन बोटांवरच पळाले. शनिवारी पाणी नुकतंच ओसरलं होतं. भरतीभर बिळात उपाशी राहिलेला थोराड नांगीचा एक खेकडा बाहेर आला आणि चरू लागला. तीन बोटं झाली. चार झाली. तो खातच होता.

तेवढ्यात वीसेक पावलांवरच्या बांधावर देवस्थळी सर येऊन उभे राहिले. त्यांची नजर क्षिप्रावरून गेली, पुतळाबाईवरून गेली, परत फिरली.

"अहो बाई," त्यांनी क्षिप्रालाच हाक मारली, "इथे एक मुलगी अभ्यासाला येते, ती आज आलीच नाही का?"

पुतळाबाईने पदर तोंडाला लावला. सर घड्याळ बघून वळू लागले. उठून हात केला असता तर त्यांनी लगेच ओळखलं असतं, आणि खेकडा गेला असता. क्षिप्रा उठली नाही.

"सर, मीच आहे," ती बसूनच म्हणाली. काठी तसूभरही हलली नाही. "इकडे या. पण चालत नको, बसून या."

सरांनी चिखलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या इस्त्रीच्या पँटीकडे. बराच वेळ पाहिलं. मग बुटाची नाडी सोडायला ते खाली वाकले.

पाच बोटं. खेकडा अजून चरत होता.