बेटावर जाऊन आलेला राणी कलरचा गाऊन

मी बोलतोय तो कपाटाच्या वरच्या कप्प्यातून. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. अंगावर दोन शाली आणि एक स्वेटर आहे.

मी एक गाऊन आहे. घरात भांडी घासताना घालतात तसला नव्हे हो! मी फोटोत घालायचा गाऊन. रंग राणी, कापड जॉर्जेट, आणि मागे असा लांबलचक घोळ, की मला घालून कुणी दिवाणखान्यात उभं राहिलं तर घोळ स्वयंपाकघरात पोचावा. थोडा गर्व आहे मला त्या घोळाचा. असू द्या.

माझं कापड नागपूरच्या इतवारीतलं आणि जन्म गोकुळपेठेतल्या एका शिंपीमास्तरांच्या मशीनवरचा. मला शिवायला टाकलं ते चारुलताबाईंनी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, बोलायला खणखणीत. मोबाइलवरचा फोटो मास्तरांपुढे धरून म्हणाल्या, "असा पाहिजे. मागून उडला पाहिजे."

"कोणासाठी, ताई?"

"सुनेसाठी. दिवस आहेत तिले. समुद्रावर फोटो काढायचे आहेत."

"मंग तिले घेऊन या ना मापाले."

इथेच बाईंची पंचाईत झाली. सून मापाला यायला तयारच नव्हती. बाईंनी पिशवीतून तिचा एक जुना कुर्ता काढला. "हा धरा. अन् पोटावर दोन बोटं जास्त." मास्तर काहीतरी बोलणार होते, पण चारुलताबाईंपुढे बोलून जिंकलेला माणूस अजून नागपुरात जन्मायचा आहे.

असा मी उसन्या मापाचा, प्रतापनगरच्या त्या घरी आलो.

घरात माणसं चार. चारुलताबाई, त्यांचे यजमान मनोहरराव, हिंगण्याच्या कारखान्यात असलेला मुलगा केयूर, आणि त्याची बायको नूपुर, जिच्यासाठी माझा जन्म झाला. नूपुर गोड मुलगी, पण प्रत्येक गोष्टीला तिचं एकच उत्तर. "बघू."

बेबीमून हा शब्द घरात आणला तोही चारुलताबाईंनीच. बाळ यायच्या आधी नवराबायकोनं दोघंच फिरून यायचं. मग काय! रोज संध्याकाळी टीव्हीवर अंदमानातली बेटं लागायची. या रिसॉर्टला नारळ जास्त, त्या रिसॉर्टला डास जास्त, इथली वाळू पांढरी, तिथली जरा मळकट. ज्या बाईंनी स्वतः समुद्र एकदाच, तोही गणपतीपुळ्याला रांगेत उभं राहून पाहिला, त्या भरती-ओहोटीवर अधिकारवाणीनं बोलू लागल्या.

मनोहरराव पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "डोहाळे सुनेले लागतात म्हणून ऐकलं होतं. आपल्या घरी सासूले लागून राहिले!"

"लागले तर लागले. तुम्ही पोहे खा."

सगळे हसले. नूपुरही हसली, पण ओठांनीच. नंतर खोलीत येऊन ती केयूरला म्हणाली, "तू आईंना सांग ना, नको म्हणून."

"मी काय सांगू? मलेच जायचं आहे," केयूर म्हणाला.

ती अशी काहून वागते, ते मला कपाटातल्या एका जुन्या शालीनं सांगितलं. कपाटात बातम्या लवकर पोचतात. गेल्या वर्षीही नूपुरला दिवस गेले होते. तीन महिने पुरे व्हायच्या आत बोलू नये, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हापासून नूपुर आनंदाला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवते. आत घेतला आणि पुन्हा निघून गेला तर काय, ही तिची भीती. ऐकून मला फार वाईट वाटलं. तोवर मी तिला नखरेल समजत होतो.

मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हाही ती म्हणाली, "आई, आधीपासून काही घेत नाहीत ना? तुम्हीच म्हणता."

"लेकरासाठी नाही घेत वं. हा तर तुझ्यासाठी आहे. आईले कपडे घ्यायले कोणत्या शास्त्रात मनाई आहे?"

बिनतोड मुद्दा होता. तरी मी घडीसकट कपाटात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, सगळं छान आहे, खुशाल जाऊन या, पण सातवा लागायच्या आत परत या. म्हणजे तिकिटं आता काढायची, नाहीतर कधीच नाही. केयूर रविवारी मोबाइल घेऊन बसला, आणि नूपुर एकदम म्हणाली, "नको काढू. मला नाही जायचं."

चारुलताबाई दारातच उभ्या होत्या. "काहून वं?"

"मागच्यासारखं झालं तर, आई? त्या फोटोंचं काय करू मी?"

चारुलताबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मागच्या वेळी एकही फोटो नव्हता. तर रडणं कमी झालं का?"

नूपुरनं नकारार्थी मान हलवली.

"मलेही भेव वाटते. देवापुढे बसली की जपाची माळ राहते बाजूले, मनात तेच येते. पण सगळेच महिने भेवाले देऊन टाकायचे का? काही आपल्याले नको का ठेवायले?" एवढं बोलून त्या उठल्या. "नसेल जायचं तर नको जाऊ. मी रागावणार नाही."

त्यानंतर घरात बेटाचं नाव निघालं नाही. टीव्हीवर पुन्हा बातम्या लागल्या. मनोहररावांनाही थट्टा सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. नूपुर एकटीच होती. तिनं मला बाहेर काढलं, घोळावरून हात फिरवला, दाराला कडी लावली आणि मला अंगात घातलं. मी खांद्यांवर नीट बसलो, छातीवर बसलो. मग कुशीची चेन वर जायला लागली आणि पोटापाशी अडली. तिनं श्वास रोखून ओढली. मीही माझ्या परीनं ताणलो. आणि चर्रर्र! शिवण तर उसवलीच, कापडही वीतभर फाटलं.

माझी तर लाजेनं मान खाली गेली. ज्या कामासाठी जन्म घेतला, त्यातच पहिल्या झटक्याला नापास! आता ही रडणार, असं वाटलं. पण ती आरशात पाहत राहिली. आधी समोरून, मग बाजूनं. फाटलेल्या जागेतून तिचं पोट चांगलं गरगरीत बाहेर आलं होतं. तिनं त्यावर हात ठेवला आणि हसू लागली. मोठ्यानं, खिदळत, डोळ्यांतून पाणी येईतो.

"आई! आई, लवकर या!"

बाहेर काहीतरी भांडं पडलं. चारुलताबाई हाताला पाटवडीचं बेसन तसंच घेऊन धावत आल्या. चेहरा पांढराफटक. "काय झालं? दुखून राहिलं का? डॉक्टरले फोन लावू?"

नूपुरनं कडी काढली. "आई, बसत नाही मला! बघा ना, मावतच नाही!"

बाईंना क्षणभर कळेना. मग फाटलेली कूस दिसली, मग पोट, मग सुनेचं तोंड. "बाप्पा! एवढं वाढलं?" असं म्हणत त्यांनी बेसनाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. माझ्या पाठीवर पिवळे पंजे उमटले. पण त्या दिवशी मला ते चाललं.

संध्याकाळी केयूर कामावरून आला. दारातच नूपुर म्हणाली, "तिकिटं काढ."

मला पुन्हा मास्तरांकडे न्यायला बाईंना धीर नव्हता. त्यांनी स्वतःच मशीन काढली. राणी कापड उरलं नव्हतं, पण मराठी घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांना कधी तोटा पडलाय? एक हिरवागार तुकडा निघाला आणि माझ्या कुशीत त्याची चांगली रुंद पट्टी बसली. राणीवर हिरवी! पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मी डोळेच मिटले.

बेटावर दोघंच गेले, सोबत मी आणि मनोहररावांनी बांधून दिलेला चिवडा. समुद्र मला आवडला, फक्त खारट फार. केयूरनं माझा घोळ वाऱ्यावर फेकून पळायचं होतं. तो वेळेवर पळेना आणि दरवेळी मी त्याच्याच डोक्यावर. फोटोवाला दमला. मग त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं.

"मॅडम, ज़रा उधर घूमिए. ये हरी पट्टी नहीं आएगी."

"आने दो," नूपुर म्हणाली. "सास ने लगाई है." आणि तीच बाजू पुढे करून, पोटावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तो फोटो आता दिवाणखान्यात आहे, टीव्हीच्या वरच.

परवा मला धुऊन गच्चीवर वाळत घातलं होतं. घडी करताना चारुलताबाई म्हणाल्या, "आता याचं काय करायचं? घोळ कापून उशांचे अभ्रे शिवू का?" मला घाम फुटला.

"कापू नका, आई," नूपुर म्हणाली. "बाळाला दाखवायचा आहे."

बाळ. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. चारुलताबाईंनीही ऐकला. त्यांनी माझी घडी उगीचच उलगडून पुन्हा घातली.

आता मी वरच्या कप्प्यात आहे. सातवा लागलाय. पुढचं मला ठाऊक नाही, घरात कुणालाच नाही. तरी एक विनंती करतो. कुणी या कपाटापाशी आलात, तर माझ्या घडीत दोन डांबराच्या गोळ्या ठेवा. कसर लागून चालायचं नाही. मला अजून एकाला भेटायचं आहे.