आप्पासाहेब येईस्तोवर

माझी धाकटी बहीण तारामती हदगावकडं दिली. तिच्या घरात आप्पासाहेब म्हणतील ती पूर्व दिशा. आप्पासाहेब तिचे सासरे. म्हातारा वाईट न्हाई, नातीवर तर लई जीव. पण नुसता जीव असून काय जाळायचंय?

नात म्हणजे साक्षी, नुकती शाळेत जाऊ लागलेली. खोकला झाला तवा गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली. ताप उतरंना तवा तालुक्याला सलाईन लावली. ओठ निळे पडले तवा कुठं नांदेडला आणली. मी नांदेडातच राहते, पण मला कळवलं ते पोरगी आयसीयूत गेल्यावर.

मी पोचले तवा तिथल्या डॉक्टर बुशरा मॅडमनी तारामतीला अन् तिच्या नवऱ्याला, सत्यमला, समोर बसवून सांगितलं. "न्यूमोनिया दोन्ही बाजूला पसरलाय. श्वास घेऊन घेऊन लेकरू दमलंय. श्वासाचं मशीन लावावं लागेल, आत्ताच. सही करा."

सत्यमनं सही करायचं सोडून फोन लावला.

आप्पासाहेब तवा माहूरला. नातीसाठीच रेणुकामाईला साकडं घालायला गेलेले. म्हणले, "अंगारा घेऊन येऊन राहिलो. मी आल्याबिगर मशीन लावू द्यायचं न्हाई. मशीनवर गेलेलं लेकरू परत आलंय का कुणाचं?" त्यांच्या शेजारच्या सिद्रामप्पाचा नातू मशीनवरच गेला होता, सत्यमनं मॅडमना सांगितलं. ते डोक्यात पक्कं बसलेलं.

मॅडमनी फोन मागून घेतला. "आजोबा, तो मशीननं नसेल गेला. मशीनपर्यंत यायलाच उशीर झाला असेल. वेळेत लावलं तर लेकरं घरी जातात हो." पण तिकडून फोन कधीच कट झाला होता.

मी म्हणलं, "आणा इकडं, मी करते सही." तर सिस्टर म्हणाली, आईबाप समोर असताना मावशीची चालत न्हाई. आईची चालंल. तारामतीनं पेन घेतला, सत्यमकडं पाहिलं. तो खाली मान घालून बसलेला. तिनं पेन ठेवून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुपारी फोडायला म्हाताऱ्याला विचारा, बैल घ्यायला विचारा, पण लेकराच्या श्वासाला बी विचारायचं?

अन् माहूर काय गल्लीच्या कोपऱ्यावर हाय? आम्ही दारातल्या काचेतून बघत बसलो. दर श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मॅडम पुन्हा पुन्हा बाहेर यायच्या, हात जोडायच्या. सत्यमचं एकच, "आलेच, वारंगा फाट्यावर हायेत."

आप्पासाहेब आले. पोरीच्या कपाळाला अंगारा लावला, तिचे पांढरे झालेले डोळे पाहिले अन् मटकन खालीच बसले. "लावा," म्हणले. "लावा की मशीन, थांबलात कशाला?"

मॅडमनी लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षी गेली.

माती झाली, गावात ओसरीवर माणसं बसायला येऊ लागली. येईल त्याला आप्पासाहेब सांगायचे, "मशीनवर टाकली अन् गेली. मी आधीच म्हणलो होतो." माणसं मान हलवायची. शेजारची पूनम मांडीवरच्या लेकराला थोपटत म्हणाली, "काही होऊ दे बाई, मी न्हाई लावू द्यायची." तिचं लेकरू बी खोकून राहिलं होतं.

मला राहवलं न्हाई. मी उभी राहिले. "आप्पासाहेब, मशीननं न्हाई गेली ती. तुमची वाट बघण्यात गेली."

म्हातारा माझ्याकडं नुसता बघत राहिला. त्यांनी काही म्हणलं असतं तर मी आणखी सुनावलं असतं. पण मागून तारामतीनं माझा हात धरला.

"मशीननंच गेली, अक्का," ती म्हणाली. "तसंच म्हण."

मी तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्याला डोळा न्हाई, पोटात अन्न न्हाई. माझा हात ती सोडंना.

"म्हण ना, अक्का. मी कशी जगू मग?"

अन् मी म्हणलं. सगळ्यांदेखत, पूनमच्या तोंडावर म्हणलं, की हाव, मशीननंच गेली.