पिवळ्या रुमालाचा दाखला

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणाचा निरोध फाटला होता, कुणी तो वापरलाच नव्हता, कुणाला नवऱ्याचा संशय होता. सगळे बाबांच्या पिवळ्या रुमालासाठी रांगेत. बाबा दोन तांब्यांपैकी एकातलं मंतरलेलं पाणी हातांवर ओतायचे आणि रुमाल दाबायला लावायचे. पिवळाच राहिला तर शरीर निर्मळ. लाल झाला तर आत रोग, मग सात बैठकांची शुद्धी.

"निरोध फाटला तरी नशीब फाटत नाही, बाळांनो!" बाबा गरजले. "दवाखान्यात रक्त काढतात, इथं सत्य निघतं!"

टाळ्या पडल्या. मागे लॉन्ड्रीवाली ताई दातओठ खात उभी होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या दादाचाही निरोध फाटला होता. त्याचा रुमाल पिवळा राहिला, म्हणून तो तपासणीला गेलाच नाही. एचआयव्ही असल्याचं कळलं तोवर वहिनीलाही लागण झाली होती. आता दोघं रोज गोळ्या घेतात, बरे आहेत. पण ताईच्या मनातला जाळ विझला नव्हता. त्यात आज रांगेत तिची धाकटी बहीण होती. परवा संध्याकाळी तिच्या बाबतीतही तेच घडलं होतं. "आधी दवाखाना," म्हणून ताईनं घसा कोरडा केला, पण धाकटीचं एकच, "आधी बाबा!"

बाबांचं दुर्दैव एवढंच, की त्यांचे कपडे ताईच्याच लॉन्ड्रीत यायचे. गेल्या आठवड्यात पिवळा रुमाल साबणाच्या पाण्यात पडला आणि लालभडक झाला. हळदीला साबण-सोडा लागला की काय होतं, हे धुणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. बाबांचे तांबे दोन का, हे तिला तिथंच उमगलं: एकात साधं पाणी, दुसऱ्यात सोड्याचं.

मग तिनं बाबांचा हात पुसायचा टॉवेल सोड्याच्या दाट पाण्यात बुचकळला, न पिळता वाळवला आणि कडक इस्त्री करून पाठवला. इतक्या प्रेमानं तिनं स्वतःच्या लग्नाची साडीही इस्त्री केली नव्हती.

धाकटीचा रुमाल पिवळा राहिला. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. शेवटी रिवाजाप्रमाणे बाबांनी स्वतःची परीक्षा दिली. ओले हात टॉवेलला पुसले, रुमाल दाबला आणि वर धरला. पाच लाल बोटं!

"अगं बाई, बाबांनाच!" एक आजी ओरडली.

"मी... मी भक्तांचे रोग अंगावर घेतो!"

"मग हे लिंबूही घ्या!" ताईनं पुढे होऊन एका बोटाच्या ठशावर लिंबू पिळलं. ठसा पिवळा झाला. "झाले बरे! सात बैठका वाचल्या."

आधी हशा झाला, मग लोक बाह्या सरसावून उठले. "मारू नका," ताई म्हणाली. "दोन्ही तांबे आणि हा, पोलिसांच्या हवाली करा. याला जगू द्या, जबाब द्यायचाय."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, मग मला काही झालंय का?"

"रुमालाला काय कळतंय? परवाचं आजच्या रक्तातही दिसणार नाही. म्हणून तपासणी आज, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यायच्या. दिवस राहू नयेत म्हणूनही गोळी असते, तीही मागायची. चल."

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "किती तास झाले?"

"बेचाळीस."

"वेळेत आलात."

दादाला हे वाक्य कधी ऐकायला मिळालं नाही. ताई तिथंच पहिल्यांदा रडली.

तो रुमाल आता लॉन्ड्रीच्या दारात टांगलाय. खाली लिहिलंय: 'निरोध फाटला तर दवाखाना गाठा. लाज वाटली तरी चाला. बहात्तर तास कुणासाठी थांबत नाहीत.'

"एवढी मोठी लॉन्ड्री, आणि चार डाग निघत नाहीत?" गिऱ्हाइकं विचारतात.

"लिंबानं निघतील," ताई म्हणते. "पण मला काढायचे नाहीत."