डोळ्यांसाठी स्वच्छ हवा

बिदगोलच्या त्या गालिच्यांच्या कारखान्यात हश्मतनं अर्धं आयुष्य चहाबरोबर धाग्यांचं तूस पिऊन काढलं होतं. मागखात्यात चहाचा पेला खाली ठेवावा आणि साखरेचा खडा दातांत धरावा, तेवढ्यात चहावर रंगीत साय धरायची. मागावर ज्या रंगाचा गालिचा असेल त्या रंगाची. सगळे जण ती साय बोटानं ओढून पेल्याच्या काठाला पुसायचे आणि चहा पिऊन टाकायचे. हश्मतही तेच करायचा. मुकादम झाल्यावरही केलं. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही, हीच गोष्ट पुढं आठवली की तो हातातला पेला खाली ठेवायचा.

त्याची बायको तूबा त्याच कारखान्यात होती. मागाच्या पाठीमागं हजारो रिळांचा सांगाडा उभा असतो, त्याच्या गल्लीत तिचं काम. धागा तुटला की शोधायचा, टोकं जुळवायची, थुंकी लावून पीळ द्यायचा आणि गाठ मारायची. तिथं तूस सगळ्यात जास्त. संध्याकाळी घरी आली की ती मोरीशी बसून खोकायची आणि मग रुमाल उजेडात धरून बघायची.

"आज निळं," ती म्हणायची. "म्हणजे मशिदीचा गालिचा अजून संपला नाही."

तेव्हा दोघंही हसायची. नंतर खोकला राहिला आणि हसणं गेलं. शेवटी जिना चढवेना, तेव्हा तिनं काम सोडलं.

कारखाना हाजी नेमतचा. जाडजूड, गोडबोल्या माणूस. बोलताना समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवायचा, आणि ते हात कायम ओलसर असायचे. छताला हवा खेचणारे पंखे आणि तूस बाहेर नेणारे नळ बसवा, एवढं एकच मागणं घेऊन हश्मत त्याच्याकडे कितीदा तरी गेला होता.

"तूस म्हणजे काय विष आहे का रे?" हाजी म्हणायचा. "लोकर ती. मेंढरं जन्मभर अंगावर वागवतात. एक तरी मेंढरू खोकून मेलेलं बघितलंस?"

"हाजी आगा, ही लोकर नाही. अ‍ॅक्रिलिक आहे."

"मग तर जास्तच स्वच्छ! कंपनीतून येतं." आणि हात दाबून, "पुढच्या वर्षी करू. इन्शाल्ला."

ते 'पुढच्या वर्षी' हश्मत खाली मागखात्यात घेऊन यायचा आणि विणकरांना वाटायचा.

मग गालिचे परत यायला लागले. मागावर एखादा धागा तुटतो, कुणाच्या ध्यानात येत नाही, माग आपला चालूच राहतो आणि गालिच्यावर बारीक टकलाची रेघ उठत जाते. दोन-चार जागी रफू लपतं, पण गालिचाभर रेघ कशी लपणार? व्यापारी कुरकुरले आणि हाजीनं इस्फहानहून दादवर नावाच्या तंत्रज्ञाला बोलावलं. नीटनेटका, मितभाषी माणूस. त्यानं पहिल्या मागावर, रिळांचा सांगाडा आणि माग यांच्या मधोमध एक लांब पट्टी टांगली. पट्टीवर काचेचे चिमुकले डोळे होते. प्रत्येक डोळा आपापल्या धाग्यांवर नजर ठेवायचा. धागा तुटला किंवा नुसता सैल पडला, की माग जागच्या जागी थांबायचा आणि लाल दिवा लागून कुठल्या रांगेत तुटलाय ते दाखवायचा.

त्या मागावर यदुल्ला नावाचा विणकर होता. त्यानं मुद्दाम एक धागा तोडून बघितला. माग खाडकन थांबला.

"दादवर आगा," यदुल्ला म्हणाला, "माझ्या सासूचे डोळे काढून बसवलेत की काय?"

सगळे हसले. हश्मतही हसला. वस्तू खरंच चांगली होती. गल्लीतल्या बायकांची नजर ताणून ताणून फुटायची, ते तरी वाचणार होतं.

पण थोडेच दिवस गेले आणि माग उगाचच थांबायला लागला. लाल दिवा लागायचा, बायका धावत जायच्या, तर धागा शाबूत. दादवर परत आला. त्यानं एक डोळा बोटानं पुसला आणि ते बोट हाजीपुढं धरलं. बोटावर डाळिंबी रंगाची लव होती.

"ह्या हवेत हे टिकायचे नाहीत," तो म्हणाला. "तूस बसतं. हळूहळू आंधळे होतील."

हाजीच्या हातातला पेला तोंडाशी जाता जाता थांबला. "अल्ला! आंधळे?" घरातलं पोर तापानं फणफणलंय असं कळावं, तसा त्याचा चेहरा झाला. "मग काय करायचं? सांगा, काय लागेल ते सांगा."

"हवा स्वच्छ पाहिजे. पंखे, गाळण्या, तूस बाहेर नेणारे नळ."

"करा. आजच सुरू करा."

हश्मत शेजारीच उभा होता. इतक्या वर्षांची विनवणी आणि एक घोट चहा गार होण्याच्या आत निकाल!

"हाजी आगा," तो म्हणाला, "हेच मी तुमच्याकडे..."

"हश्मत, बाबा रे," हाजीनं त्याचा हात धरला. "माणसाची गोष्ट वेगळी. माणसाला सवय होते. यंत्राला कुठली सवय?"

हे तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो मायेनं, समजावून सांगत होता. हश्मतनं हात सोडवून घेतला आणि पाठीमागं विजारीला पुसला.

तरी खात्यात आनंदच झाला. कारण काही का असेना, हवा तर येणार! यदुल्लानं तर डोळ्यांच्या नावानं नवसाचा हलवा वाटायचं कबूल केलं. प्रत्यक्षात आलं ते असं: डोळ्यांच्या पट्टीभोवती जाड, पारदर्शक प्लास्टिकचे पडदे सोडले गेले, वरून गाळणीचा पंखा बसला, आणि पडद्याच्या आतलं तूस फुंकून बाहेर टाकायची सोय झाली. बाहेर म्हणजे गल्लीत. जिथं बायका उभ्या राहायच्या, नेमकं तिथं.

"छताबाहेर नेणारे नळ कुठं गेले?" हश्मतनं दादवरला विचारलं.

दादवर हत्यारं गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही. "मी सांगितले होते. हाजी आगा म्हणाले, डोळ्यांना त्यांची गरज नाही."

आता गल्लीत पूर्वीच्या दुप्पट तूस. पापण्यांवर बसायचं, भुवयांवर बसायचं, नाकपुड्यांच्या कडांना चिकटून घामात भिजायचं. बायका डोक्यावरचा रुमाल नाकावर ओढून घ्यायच्या, तर श्वासानं ओला झालेला रुमाल आतून लगद्यासारखा व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत एकीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आतल्या भागावरही लव दिसली, तेव्हा तिनं तो तसाच गुंडाळून ठेवला. आणि मधे, हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या आत, डोळे लखलखीत हवेत बसलेले.

माणसं आत शिरणार नाहीत तर काय? पहिला शिरला यदुल्ला, चहाचा पेला घेऊन.

"या, उस्ताद, या," त्यानं पडद्याआडून हश्मतला हाक मारली. "कमसरच्या गुलाबांच्या मळ्यात या! बघा, चहावर काही नाही. तळ दिसतोय तळ!"

मग बायकाही आळीपाळीनं आत जायला लागल्या, चार श्वास घ्यायच्या आणि बाहेर यायच्या. पण त्यांच्या कपड्यांवरचं तूस आत गेलं आणि माग पुन्हा थांबला. दुसऱ्या दिवशी हाजीनं पाटी रंगवून आणली. तिच्यावर लिहिलं होतं: आत येण्यास मनाई. माणसांच्या अंगावर तूस असते.

"लाव तुझ्या हातानं," तो हश्मतला म्हणाला. "तुझं ऐकतात सगळे."

हश्मतनं लावली. लावताना त्याला आपल्याच हातांची शिसारी आली.

घरी त्यानं तूबाला सांगितलं. ती आधी इतकी हसली की खोकल्याची उबळ आली, आणि उबळ थांबली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"आपल्याच अंगावरचं तूस होय?" ती म्हणाली. "म्हणजे आम्ही घरून घेऊन जायचो होय?"

पुढच्या आठवड्यात समारंभ ठरला. सगळ्या मागांवर डोळे बसणार होते. त्याआधी व्यापाऱ्यांना आणि शहरातल्या बड्या लोकांना बोलावून दाखवायचं.

"तूबा खानुमला घेऊन ये," हाजीनं हुकूम सोडला. "जुनं माणूस. तिच्या हातून धागा कापून घेऊ. फोटो झकास येईल."

हश्मतला वाटलं, तूबा नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ की. बघते तरी, माझ्या जागी कोण बसलंय ते."

समारंभाला मागखातं झाडून घेतलं होतं, तरी हवेत लव तरंगतच होती. दाराशी एक माणूस खोका घेऊन उभा होता आणि आत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तोंडावर बांधायची पांढरी पट्टी देत होता. तूबानं हात पुढं केला. तो म्हणाला, "खानुम, तुम्ही तर घरच्याच." हश्मतनं ते ऐकलं आणि तिला घेऊन आत गेला.

फक्त यदुल्लाचा माग चालू होता, बाकीचे पाहुण्यांसाठी बंद ठेवले होते. हाजीनं तूबाला कोपरापासून धरून पडद्यापाशी नेलं, एक बाजू उचलली, हातात कात्री दिली. तिनं एक धागा कापला. माग थांबला, लाल दिवा लागला, पांढऱ्या पट्ट्यांच्या आडून वाहवा झाली. आणि मग खात्यात शांतता पसरली, जशी कामाच्या वेळी कधी नसायची. त्या शांततेत तूबाला खोकला आला.

साधा खोकला नव्हता तो. ती कमरेत वाकली, कात्री खाली पडली, अंगभर पांघरलेली चादर डोक्यावरून घसरली. घशातून खरवडल्यासारखा आवाज येत राहिला. पाहुणे दोन पावलं मागं सरले. तिनं तोंडावर हात धरला, पण बोटांमधून ओघळ आलाच.

"बाजूला घ्या तिला!" हाजी ओरडला. "बाजूला, बाजूला! डोळ्यांवर उडेल!"

सगळ्यांनी ऐकलं. ते बुडवायला दुसरा कसला आवाजच नव्हता.

हश्मत पुढं झाला. त्यानं हाजीला खांद्यानं दूर सारलं, पडदा उचलला, यदुल्लाचं स्टूल ओढून आत ठेवलं आणि तूबाला त्यावर बसवलं. आपल्या बाहीनं तिचा हात पुसला.

"इथं बस," तो म्हणाला. "श्वास घे. सावकाश."

"हश्मत!" हाजीचा आवाज खाली आला होता, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी हसू होतं. "अरे, काय हे? बाहेर ये बाबा. पाटी तूच लावलीस ना?"

किती तरी वर्षांचं बोलायचं होतं. पण पडद्यापलीकडे ते ओलं हसू दिसलं आणि हश्मतच्या तोंडून एवढंच आलं, "मला तुमची किळस येते, हाजी आगा."

हाजी पाहुण्यांकडे वळला. "तब्येत बरी नाही त्याची. बायकोच्या काळजीनं... चला, तिकडे गोड ठेवलंय."

तूबानं पाच-सहा श्वास घेतले. तिच्या ओठांना रंग आला. मग ती हश्मतचा दंड धरून उठली.

"चल," ती म्हणाली. "इथल्या हवेलाही त्याच्याच हातांचा वास आहे."

हश्मत पुन्हा कारखान्यात गेला नाही. मेहुण्याच्या डाळिंबाच्या बागेला पाणी सोडायचं काम त्याला मिळालं. महिन्याभरानं यदुल्ला घरी आला, हाजीनं पाठवलेला मिठाईचा डबा घेऊन. माफी माग आणि परत ये, असा निरोप होता. डब्यात बदामाच्या गोळ्या, वर साखरेची पूड. ती पांढरी पूड बघूनच हश्मतनं तोंड फिरवलं. यदुल्ला ओशाळला, थोड्या वेळानं तोच एकेक गोळी खात बसला.

"मला मुकादम केलंय," शेवटी तो म्हणाला. "राग मानू नका, उस्ताद. पोरं आहेत घरी."

"राग नाही."

"आणि एक सांगायचं होतं. छताचे नळ बसले. सगळ्या खात्यात."

तूबा ताठ बसली. "खरंच?"

"शप्पथ. त्या दिवशी मशहदचा एक व्यापारी आला होता ना, त्यानं तयार गालिच्यावरून हात फिरवला. गल्लीतलं तूस त्याच्यावरही बसत होतं. म्हणाला, असला माल घेणार नाही. दुसऱ्याच दिवशी माणसं शिड्या घेऊन हजर."

"म्हणजे गालिचा घाण होतो म्हणून," हश्मत म्हणाला.

"कशासाठी का होईना, उस्ताद. बायका रुमाल न बांधता काम करतायत."

"चांगलं झालं," तूबा म्हणाली. मनापासून म्हणाली.

हश्मतला कळत होतं की तिचंच बरोबर आहे. त्या बायकांच्या फुप्फुसांना नळ कुणासाठी बसले त्याच्याशी काय देणंघेणं? तरी त्याला आनंद होईना. आधी डोळे, मग गालिचा. त्या यादीत माणसाचा नंबर आलाच नव्हता. माणूस नुसता दुसऱ्याच्या ताटातलं सांडलेलं खात होता, आणि वर त्याला आभार मानायचे होते. हश्मत उठून अंगणात गेला, पाण्याचा नळ सोडला आणि चुळा भरत राहिला. तोंडात काही नव्हतं, पण थुंकावंसं वाटत होतं.

आतून तूबानं हाक मारली. मटणाचा आबगोश्त गरम होता, यदुल्ला जेवायला थांबत होता. हश्मतनं तोंड पुसलं आणि आत जाऊन सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं.