साडेतीन गुंठ्यांचे उत्तर

सुजाण वाचकवर्गास सविनय कळविण्यात येते की, पुढील मजकुरात पनवेल येथे पार पडलेल्या एका गणित स्पर्धेच्या बक्षीस समारंभाची हकीकत यथामती सांगितली जाईल. एका प्रश्नाचे उत्तर कसे चुकले, ते कोणी चुकविले आणि अखेरीस ते कोणाच्या मुखातून बरोबर ठरले, याचे साद्यंत वर्णन तीत येईल. गणिताची ज्यांना धास्ती वाटते त्यांनीही निर्धास्त मनाने वाचावे, कारण सदर समारंभात गणित फारच थोडे होते.

पनवेलास अंकप्रभा मंडळ या नावाची एक संस्था आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हे मंडळ दरवर्षी विनामूल्य गणित स्पर्धा घेते. मंडळात चौदा स्वयंसेवक असून चौदाही निःस्वार्थ आहेत. निःस्वार्थ मनुष्यास काम सांगता येत नाही, सांगितल्यास तो दुखावतो. म्हणून अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, मार्गदर्शक अशी तेरा पदे निर्माण करून तेरा जणांची सोय लावण्यात आली. उत्तरपत्रिका तपासणे एवढे एकच काम पदावाचून उरले. ते कमलाकरांच्या वाट्याला आले.

कमलाकरांनी आयुष्याची एकतीस वर्षे न्हावा शेवा बंदरावरील माल सोडविणाऱ्या एका कचेरीत काढली होती. कागदावरचा कंटेनरचा नंबर व प्रत्यक्ष कंटेनरवरचा नंबर ताडून पाहणे, हे त्यांचे काम. जुळला की बरोबरची खूण, न जुळला की फुली. कंटेनरच्या आत काय भरले आहे, हे पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही आणि त्यांनी तो ओढवूनही घेतला नाही. निवृत्तीनंतर तीच विद्या त्यांनी गणिताच्या सेवेस वाहिली. मंडळाच्या मार्गदर्शक वसुंधराबाई प्रश्नपत्रिका काढीत व सोबत उत्तरांची यादी देत. कमलाकर यादी डाव्या हाती धरीत, लाल पेन उजव्या हाती, आणि दोनशे बारा उत्तरपत्रिका नऊ दुपारींत हातावेगळ्या करीत. आपल्या हातून आजवर एकही चूक झाली नाही, असा त्यांना रास्त अभिमान होता. चूक शोधण्याची कोणी तसदी घेतली नव्हती, ही गोष्ट निराळी.

जानेवारीतील एका रविवारी सकाळी नवीन पनवेलातील एका शाळेच्या सभागृहात बक्षीस समारंभ होता. व्यासपीठामागे बारा फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर मंडळाच्या चौदा स्वयंसेवकांची छायाचित्रे गोलात झळकत होती. खाली कोपऱ्यात जागा उरली, तेथे विजेते विद्यार्थीही छापले होते. सातवीच्या गटात प्रथम म्हणून खारघरचा अथर्व हसत उभा होता. प्रत्येक गटातून पहिल्या येणाऱ्या एकाच मुलास मे महिन्यात पुण्याच्या दहा दिवसांच्या गणित शिबिरात जागा मिळे. दुसऱ्या क्रमांकास मंडळाकडून शुभेच्छा मिळत.

समारंभापूर्वी तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांना परत देण्याचा कमलाकरांचा शिरस्ता होता. दाराशी टेबल मांडून ते बसले होते. इतक्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी आपली उत्तरपत्रिका हाती घेऊन परत आली. ही बेलपाड्याची अंकिता. इयत्ता सातवी, शंभरपैकी शहाण्णव गुण, क्रमांक दुसरा. तिच्यामागे तिचा बाप शिवा उभा होता.

"काका, सतरावा बघा ना. चूक का दिलाय?"

सतरावा प्रश्न चार गुणांचा होता. तो असा: रामू शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली व बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून त्याला भूखंड दिला, तर रामूच्या हातात किती गुंठे आले? प्रश्नपत्रिकेस स्थानिक रंग यावा म्हणून वसुंधराबाईंनी तो मुद्दाम घातला होता.

कमलाकरांनी यादी पाहिली. "उत्तर पाच आहे. तू साडेतीन लिहिलंस."

"साडेतीनच असतं, काका."

"बाळा, चाळीसचे साडेबारा टक्के किती?"

"पाच."

"मग झालं तर!"

"झालं कुठं? मग त्यातनं कापतात ना!"

शिवा पुढे सरकला. "साहेब, तुमी राहता कुठं?"

"खारघरला." कमलाकरांनी सेक्टर व इमारतीचे नावही सांगितले, कारण विचारणाऱ्यास पूर्ण पत्ता सांगण्याची त्यांना सवय होती.

"मंग तर झालाच! तो पलॉट आमच्या गोदूआजीचा. तिची बरोबर एक एकर गेली. तिला भेटले साडेतीन गुंठे. पाच भेटले असते ना, तर तुमच्या बिल्डिंगला पार्किंग झाली असती."

कमलाकरांच्या इमारतीस खरोखरच पार्किंग नव्हते. गेली अकरा वर्षे आपली गाडी ते बाहेर गटाराकडेला लावीत असत व या स्थितीचे कारण त्यांना आज प्रथमच कळत होते.

"पोरगी शंभर पावलीय, साहेब," शिवा म्हणाला. "पुन्याची जागा तिची हाय. आमी काय फुकट मागत नाय."

कमलाकर उत्तरपत्रिका घेऊन वसुंधराबाईंकडे गेले. बाई व्यासपीठाच्या बाजूस सत्काराच्या शालींची घडी नीट करीत होत्या.

"शेकडेवारी म्हणजे शेकडेवारी, कमलाकरराव," बाई म्हणाल्या. "त्यातून पुढे कोण काय कापतं, हा गणिताचा विषय नव्हे."

"पण हातात किती आले, असं विचारलंय आपण."

"आज हे मान्य केलंत, तर उद्या हौद किती तासांत भरेल म्हणून विचारल्यावर मुलं लिहितील की नळाला पाणीच येत नाही!"

"ते तरी कुठं खोटं आहे?"

"म्हणूनच मान्य करायचं नाही!" असे म्हणून बाईंनी पुढची शाल घेतली.

इतक्यात मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त कानाला फोन लावून आले. कमलाकरांनी त्यांना सारा प्रकार सांगितला.

"कमलाकरराव, फ्लेक्स लागलाय," चारुदत्त म्हणाले.

"आपलं उत्तर चुकलंय, साहेब."

"असेल. पण फ्लेक्स लागलाय ना! अथर्वचे आजी-आजोबा दादरहून आलेत. आता काय त्याला भिंतीवरून उतरवायचा?"

"मग त्या मुलीचं काय?"

"तिला उत्तेजनार्थ काहीतरी देऊ. कंपासपेटी द्या. दोन द्या." आणि फोनमध्ये ते म्हणाले, "निकेशशेठ, सावकाश या! अजून सुरूच कुठं केलंय?"

प्रमुख पाहुणे निकेशशेठ मूळचे रोडपालीचे. पूर्वी त्यांच्या घरी भातशेती होती, आता त्यांच्या नावाने सात इमारती होत्या. गेला पाऊण तास ते कळंबोलीच्या सिग्नलला होते. तो सिग्नल तेवढा वेळ कोणालाही धरून ठेवीत नाही, हे सर्वांस ठाऊक होते, परंतु प्रमुख पाहुण्यांच्या सिग्नलविषयी शंका घेण्याची पद्धत नाही.

पाहुणे येईपर्यंत सत्कार उरकण्याचे ठरले. अध्यक्षांचा सत्कार उपाध्यक्षांनी केला. उपाध्यक्षांचा कार्याध्यक्षांनी. कार्याध्यक्षांचा करण्यास पुन्हा अध्यक्ष उठले. समोर सतरंजीवर बसलेली मुले टाळ्या वाजवून दमली व मग टाळ्यांची संख्या मोजू लागली, एवढेच काय ते त्या सकाळचे गणित.

कमलाकर आपल्या खुर्चीत अंकिताची उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सतरावे उत्तर पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतले. कोणतेही उत्तर पहिल्या ओळीपासून वाचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. तिने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: 'साडेबारा टक्क्यांनी ५ गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कपात, म्हणजे दीड गुंठा. ५ वजा दीड. हातात साडेतीन.' चारही ओळींवरून त्यांची लाल फुली एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. फुली सुबक होती. त्यांची फुली नेहमीच सुबक येई.

मग कमलाकरांच्या मनात एक भयंकर विचार आला, तो हा की उरलेल्या दोनशे अकरांचे काय?

तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारे वाजली. निकेशशेठ आले. त्यांचा सत्कार झाला, त्यांच्यासोबत आलेल्या चौघांचा झाला, आणि गाडीपाशी थांबलेल्या चालकाचा होता होता राहिला. मग चारुदत्तांनी घोषणा केली की, आता विजेत्यांची नावे आपले कमलाकरराव वाचतील.

सहावीचे नाव त्यांनी वाचले. सातवीच्या नावाशी मात्र ते थांबले. समोर अथर्व उठण्याच्या बेतात होता. त्याच्या मातोश्रींनी फोन उभा धरला होता. मागच्या भिंतीशी शिवा हाताची घडी घालून उभा होता आणि अंकिता खाली मान घालून दोन कंपासपेट्यांकडे पाहत होती. कमलाकरांनी कागद खाली ठेवला.

"सातवीचं नाव वाचण्यापूर्वी," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले, "आदरणीय पाहुण्यांना एक प्रश्न विचारण्याची परवानगी घेतो. या विषयात त्यांच्याएवढा अधिकार सभागृहात कोणाचा नाही."

ही स्तुती आहे असे समजून चारुदत्तांनी आनंदाने मान डोलावली.

"शेठ, एका शेतकऱ्याची एक एकर गेली. साडेबारा टक्क्यांत त्याच्या हातात किती आले?"

"साडेतीन गुंठे," निकेशशेठ म्हणाले. त्यांनी डोळ्याची पापणीही लववली नाही. "तीस टक्के कापून घेतात. साडेतीनच्या वर कागद दाखवला कुणी, तर त्याला चहा पाजा नि घरी पाठवा. आमी फसलोय एकदा."

"अरं निकेश, आज तरी खरा बोललास!" शिवा मागून ओरडला.

"कोन, शिवा काय? तू इथं कसा रं?"

"तुज्या साडेतीन गुंठ्यांपायी!"

सभागृहात हशा पिकला. मुलांना कारण कळले नव्हते, परंतु टाळ्यांखेरीज दुसरे काही करावयास मिळाले म्हणून तीही हसली.

जे उत्तर मुलीने चार ओळींत सिद्ध केले तेव्हा चूक होते, ते शेठजींनी एका शब्दात उच्चारताच निर्विवाद झाले. वसुंधराबाई शेजारणीस म्हणाल्या, "मी सकाळपासून हेच सांगत होते, व्यवहारी गणित वेगळं असतं." चारुदत्तांनी चपळाईने ध्वनिक्षेपक हाती घेतला व जाहीर केले की, मुलांच्या निरीक्षणशक्तीची कसोटी पाहण्यासाठी हा प्रश्न मंडळाने हेतुपुरस्सर घातला होता, आणि या कसोटीस दोनशे बारांतून एकच विद्यार्थिनी उतरली आहे. अंकिता, शंभरपैकी शंभर, प्रथम! फ्लेक्सवरील अथर्वच्या चेहऱ्यावर एका सहनिमंत्रकांनी तत्परतेने शाल टाकली. शालींना तोटा नव्हता.

अंकिता व्यासपीठावर आली. प्रमाणपत्रावर अथर्वचे नाव छापलेले असल्याने ते उलटे धरून तिला देण्यात आले व छायाचित्र काढण्यात आले. चारुदत्त तिला म्हणाले, "पाहुण्यांच्या पाया पड, बाळ. त्यांच्यामुळे तुला न्याय मिळाला."

अंकिता जागची हलली नाही. "पन फुली कुनी मारली होती?"

चौदा निःस्वार्थ माणसांपैकी तेरा छताकडे पाहू लागली.

"मी," कमलाकर म्हणाले.

"मी रीत लिहिली होती, काका. वाचली नव्हती का?"

"नव्हती. नुसता शेवटचा आकडा पाहिला."

"सगळ्यांचाच?"

"सगळ्यांचाच," कमलाकर म्हणाले. हे वाक्य ध्वनिक्षेपकातून गेले, त्यामुळे ते शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू गेले.

मग त्यांनी त्याच ध्वनिक्षेपकातून सर्व मुलांस विनंती केली की, आपापल्या उत्तरपत्रिका परत आणून द्याव्यात, त्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचल्या जातील. चारुदत्त कानाशी येऊन पुटपुटले, "अहो, पुलाव निवतोय!" परंतु दाराशी टेबलासमोर मुलांची रांग लागलीसुद्धा. सर्वांत पुढे अथर्व होता.

"माझे तीन गुण कापलेत ते बघा ना, काका."

कमलाकरांनी चष्मा पुसला व अथर्वची रीत पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत सावकाश वाचली. "हे चूकच आहे रे."

"माहितीये मला. आई म्हणाली, विचारून ये." तो जाता जाता थबकला व शेजारी उभ्या असलेल्या अंकितेस म्हणाला, "ए, तो कापलेला दीड गुंठा जातो कुठे?"

"रस्ते, बाग, शाळा. असल्याच कशात तरी."

अथर्वने सभागृहाच्या छताकडे, खिडक्यांकडे, मग व्यासपीठाकडे पाहिले. "म्हणजे ही शाळापण?"

या प्रश्नाचे उत्तर वसुंधराबाईंच्या यादीत नव्हते. निकेशशेठांना त्याच वेळी फोन आला.

जेवणाची पंगत उठली तरी कमलाकर वाचीतच होते. सव्वीस उत्तरपत्रिका झाल्या होत्या आणि सतरावा प्रश्न सोडून त्यांतल्या तिघांचे गुण वाढले होते, दोघांचे कमी झाले होते. कमी झालेल्यांचे पालक समोर उभे राहून स्वयंसेवी संस्थांच्या ढासळत्या दर्जाविषयी मोठ्याने बोलत होते. अंकिता निघण्यापूर्वी टेबलापाशी आली. शिबिराचा अर्ज तिच्या हाती होता. त्यावर तपासनीस म्हणून सही कमलाकरांची लागत होती.

"पुन्याला पन शेवटचाच आकडा बघतात का, काका?"

कमलाकरांनी सही केली. "तिथं रीत वाचतात, असं ऐकतो."

"मंग जाते," असे म्हणून अंकितेने अर्ज घडी न घालता दप्तरात ठेवला व बापाच्या मागे ती बाहेर पडली.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून ही हकीकत पहिल्या ओळीपासून वाचली, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
बाळू हिरू घरत
मुक्काम पनवेल