सतरा नंबरच्या डंपरखालचा जावई

कसुबाच्या लेखी खाणीत माणसांच्या दोनच जाती होत्या: डंपर चालवणारे आणि डंपरखाली यायच्या लायकीचे. तिचा सतरा नंबरचा डंपर दुमजली घराएवढा. वरून पिकअप गाड्या तिला गोचिडांसारख्या दिसत. उजव्या अंगाला चिकटल्या तर दिसतही नसत. त्यातलीच एक गोचीड तिचा जावई होता.

चिलेक्वा टायर तपासायचा. आपल्या लोंबेसारख्या पोरीने हवा भरणारा नवरा करावा, याची कसुबाला लग्नापासून शिसारी. म्हणून जावयाला घरात घ्यायचा विधी तिने आजवर टाळला होता. त्यांच्याकडची रीतच अशी: या विधीत सासूने रांधून पुढ्यात ठेवल्याशिवाय जावयाने तिच्याशी बोलायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही. खाणीचा नियम मात्र उलटा. डंपरजवळ जायचं तर आधी रेडिओवर त्याचा नंबर पुकारायचा, चालकाने ‘ये’ म्हटलं तरच पुढे व्हायचं.

चिलेक्वा मग दगड भरणारं यंत्र चालवणाऱ्या न्गोसाला मध्ये घाली. न्गोसा रेडिओवर म्हणे, “लोंबेच्या आई, जावई पायाशी आलेत, आशीर्वाद द्या.” सगळी खाण हसे, कसुबाही. ज्याला स्वतःच्या जिवासाठी तोंड उघडता येत नाही तो संसार काय करणार, असं ती लेकीला ऐकवी.

त्या दुपारी न्गोसा जेवायला गेला आणि डंपर रांगेत थांबले. सतराच्या मागच्या जोडचाकांच्या बेचक्यात धोंडा अडकलेला चिलेक्वाने पाहिला. असा धोंडा वेगात सुटला की मागच्या गाडीतला माणूस घेऊन जातो. त्याने रेडिओ तोंडाशी नेला, आणि खाली घेतला. पिकअप डंपरच्या उजव्या अंगाला, पुढच्या चाकासमोर लावून तो मागच्या चाकाशी गेला.

दोन भोंगे वाजले. म्हणजे डंपर पुढे निघाला. चिलेक्वा बाजूला पळाला आणि कमरेचा रेडिओ काढून ओरडला, “मायो, थांबा. मायो.”

खाणीतल्या प्रत्येक बाईला पोरं मायो, म्हणजे आई, म्हणत. आणि हा आवाज कसुबाने जन्मात ऐकला नव्हता. “कुणाचं वासरू हंबरतंय?” तिने रेडिओवरच विचारलं आणि उजवीकडे वळण घेतलं. चाकाखाली खड्ड्याएवढा हिसका बसला. मग मागचे सगळे भोंगे एकदम वाजू लागले.

ती शिडी उतरून खाली आली. पिकअप चेपलेल्या डब्यासारखी पडली होती, दारावर टायरवाल्यांचा पिवळा पट्टा. ती वाकून चाकाखाली बघू लागली. लोंबेला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तो दगडांच्या ढिगापाशी उभा होता, नखशिखांत धूळ, धड. अजूनही तिच्याकडे पाठ करून. कसुबाला त्याची किळस आली, आणि लगोलग स्वतःची, जरा जास्तच.

ती पुन्हा वर चढली, डबा घेऊन उतरली आणि त्याच्यासमोर दगडावर उघडून ठेवला. गार झालेली न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चार सुके मासे.

“तोंड इकडे कर, जावई. खा.”

त्याने वळून न्शिमाचा गोळा उचलला.

“कोंबडी नाही, पाहुणे नाहीत. तुझ्या लायकीचं हेच. आणि यापुढे नंबर घेऊन गळा फाटेस्तोवर ओरड. मायो म्हणे. या खड्ड्यात मायो काय थोड्या आहेत?”

चिलेक्वाने घास गिळला. पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, “सतरा नंबर, मागच्या चाकात धोंडा आहे.”

“मग काढ की,” कसुबा म्हणाली. “का त्यालाही न्गोसा लागतो?”