स्वयंपाकघरामागचा चर

सतरंज्या धुवायच्या त्या तळ्यातच, हा लेम्पीचा हट्ट. फिनलंडातल्या त्या गावात उन्हाळा लागला की बायका लाकडी धक्क्यावर गुडघे टेकून पाइनच्या तेलाचा साबण घासत बसायच्या. आता बाकीच्या बायका उरल्या नव्हत्या, पण ऐंशी ओलांडलेली लेम्पी एकटीच तो नेम चालवत होती. यंदा तिने पांढरी सतरंजी पाण्याबाहेर ओढली आणि तिचा चेहराच पडला. नवऱ्याच्या, उर्होच्या शर्टांच्या चिंध्या विणून केलेली ती सतरंजी कॉफीत बुचकळल्यासारखी पिवळट तपकिरी झाली होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसायची.

संध्याकाळी शेजारचा काउको आला. माती उकरायचं यंत्र चालवणारा, पन्नाशीचा, बोलण्यात एक नंबरचा फटकळ.

"मावशी, सगळ्यांनी आपापले चर बुजवायला हो म्हटलंय. तू एकटीच अडून बसलीयस."

"माझा चर तुला काय चावतो रे?"

"मला नाही, तळ्याला चावतो. दलदलीत हजारो वर्षांचा पाला पाण्याखाली गप पडून होता. चर खणले, दलदल सुकली, आता तो कुजतोय आणि विरघळून थेट तळ्यात उतरतोय. त्यातला कार्बनच रंगवतो पाणी. आणि तुझ्या स्वयंपाकघरामागचा चर म्हणजे सगळ्यांचा बाप."

ते तिला ठाऊक होतं. त्या काळी चर न खणणारा माणूस आळशी ठरायचा, आणि उर्हो आळशी नव्हता. झाडं जोमाने वाढावीत म्हणून त्याने तो फावड्याने खणला होता. तो जाऊन सात वर्षं झाली, पण खिडकीमागे पाणी खळखळत राहिलं. भांडी घासताना लेम्पी त्या खळखळीशी बोलायची, उर्हो बाहेरच उभा असल्यासारखी. थंडीत चर गोठून मुका झाला की घर तिला खायला उठायचं.

"बुजवला की तळं स्वच्छ होईल?" तिने विचारलं.

काउको जरा घुटमळला. "आधी काही वर्षं आणखी गढूळ होईल. मग हळूहळू."

"म्हणजे मी बघायची नाही."

लेम्पी दोरीवरच्या पिवळ्या सतरंजीकडे बघत राहिली. उर्हो रविवारी शर्टावर एक डाग दिसला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

"त्याला मळकं चालायचं नाही," ती म्हणाली. "उद्या ये."

सकाळी यंत्र आलं. पहिली माती पडायच्या आधी लेम्पीने हात वर केला. "जरा बंद कर ते." काउकोने यंत्र बंद केलं. ती काठावर उभी राहून खळखळ ऐकत राहिली, काउको कंटाळून टोपीखालचं डोकं खाजवायला लागला तरी.

"हं, घाल."

दुपारपर्यंत चर भरला. आत येऊन लेम्पीने भांडी घासायला घेतली आणि सवयीने तोंड उघडलं. खिडकीमागे काहीच नव्हतं. तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, मग स्वतःचा श्वास. ओल्या हातांनी ती दारात आली. काउको यंत्र गाडीवर चढवत होता.

"काउको," तिने हाक मारली, "उर्हो गेला रे."

सात वर्षांत हे वाक्य तिने कुणापाशी उच्चारलं नव्हतं. काउकोने टोपी काढली.